कॅम्पर व्हॅन बुक करायच्या आधी तिथी बघ

अरे, तुझी लिस्ट बघितली. सहा दिवसांत कुलाबा, कोर्लई, जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि वर रत्नागिरीचा थिबा पॅलेस! एवढंच पळायचं असेल तर कॅम्पर व्हॅन कशाला, साधी कार घेऊन जा ना. निम्मी नावं काट.

आणि तारखा ठरवायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघ. तिथी गुणिले तीन भागिले चार, ही साधारण भरतीची वेळ, कोळी लोक अजून असंच धरतात. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि ओहोटी सकाळी नऊला. अलिबागचा कुलाबा चालत बघायचा तर असलाच दिवस धर, अष्टमीला भांगाचं पाणी (म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी) असतं, ते नीट उतरतच नाही. पूर्ण ओहोटीची वाट बघू नकोस, पाणी उतरत असतानाच आत जा आणि ते परत चढायला लागायच्या आत बाहेर ये. चारी बाजूंनी समुद्र आणि आत गोड्या पाण्याची विहीर, ती बघच. येताना गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे (१७२९ ला गेले ते), पाच मिनिटं थांब.

तिथून मुरुडकडे जाताना कोर्लई लागतं. किल्ला पोर्तुगीजांचा, पण मला जास्त भारी वाटतं ते खालचं गाव, पोर्तुगीज गेले १७४० मध्ये आणि तिथली काही घरं अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. उगाच मोबाईल काढून शूटिंग करू नकोस, चहा पी, गप्पा मार.

जंजिऱ्याला राजपुरीतून शिडाची होडी. तटावर उभा राहून किनारा किती जवळ आहे ते बघ, मग कळेल १६८२ मध्ये संभाजीराजांनी समुद्रात दगड टाकून वाट करायला का घेतली होती. तरी तो किल्ला मराठ्यांना कधीच मिळाला नाही. समोर पद्मदुर्ग दिसतो, तो शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला बांधला.

पुढे आगरदांडा-दिघी फेरीबोट. व्हॅन चढते, पण लांबी-उंची आधी फोनवर सांग आणि रॅम्पवर तिरका जा, नाहीतर मागचा बंपर घासतो. आणि काही झालं तरी वाळूत गाडी घालू नकोस! मी घातली होती, पाच मिनिटं फोटोसाठी, चाक रुतलं, भरती सुरू झाली आणि गावातला ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दाराला लागलं होतं. बायको आजही तो फोटो लोकांना दाखवते.

मालवणपर्यंत गेलासच तर सिंधुदुर्गला अख्खी सकाळ दे, दूधबाव, दहीबाव, साखरबाव तिन्ही विहिरी बघ, पावसाळ्यात मात्र होड्या बंद असतात. रात्री देवळाच्या पटांगणात गाडी लावायची तर आधी विचार, आणि टॉयलेटची टाकी खाडीत ओतू नकोस रे बाबा.

ताम्हिणीतून उतरणार ना? व्हॅनची उंची मोजून कळव, वाड्यांमधल्या रस्त्यांवर वायरी फार खाली असतात.

तुझा,
कोथरूडचा काका