डिसेंबरचं तिकीट राहू द्या, पोरांना भातलावणीला न्या

न्यू जर्सीहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय, चार प्रश्नांचं. त्यातले तीन मी शेवटी उरकणार आहे, आधीच सांगते, कारण पहिल्या प्रश्नावर मला गप्प बसवत नाही.

त्या लिहितात, "ताई, मी पाटण तालुक्यात शेतावर वाढले, नवरा डोंबिवलीचा. मुलगा 11 चा, मुलगी 8 ची. दर डिसेंबरला दोन आठवडे गावी जातो पण मुलं ओट्यावर आयपॅड घेऊन बसतात, शेतात नेलं तर दहा मिनिटांत कंटाळतात. माझ्यासारखं बालपण यांना मिळणारच नाही का? नवरा म्हणतो, शेताचं उगाच कौतुक करू नकोस, आम्ही शहरात वाढलो तर काय बिघडलं?"

अगं बाई, डिसेंबरात भाताच्या खाचरात असतं काय? दिवाळीच्या आगेमागे कापणी होऊन जाते, उरतात ती धसकटं. मग मामा बिचारा गाडी काढून पोरांना कासला नेतो, तेही फुलं संपल्यावर. आजी कशाला हात लावू देत नाही. तुमची मुलं तिथं पाहुणी आहेत हो, आणि पाहुण्याला तिसऱ्या दिवशी कंटाळा येतोच.

आता तुमचे मिस्टर. त्यांचं चुकत नाहीये. आमच्याकडे हेच भांडण वीस वर्षं चाललं, मी भोरकडची, हे गिरगावातल्या चाळीतले. मी म्हशींचं शेण काढायचं सांगायचे, हे पहाटे चारला नळाला पाणी यायचं ते सांगायचे, पिंप भरायचं काम दहा वर्षांच्या यांच्याकडे, वर रॉकेलचा डबा घेऊन रेशनच्या रांगेत उभं राहायचं. एकदा असंच चालू असताना मुलगी म्हणाली, तुम्ही दोघं एकच गोष्ट सांगताय. खरंच की! यांनी पिंप भरलं नाही तर सात माणसं बिनपाण्याची, मी शेण काढलं नाही तर गोठा तसाच. आपल्या पोरांनी इथं एखादं काम नाही केलं तर कुणाचं काय अडतं सांगा? डिशवॉशर लावायला विसरला तर आपणच लावतो.

आणि तुम्हीपण जरा आठवा, नुसत्या कैऱ्या आणि विहिरीतलं पोहणं नाही. लावणीच्या दिवसांत आम्हा मुलींची शाळा बुडायची, दादाची नाही. ते नका विसरू.

तर माझं म्हणणं, जूनमध्ये जा. तुमच्याकडे 20 जूनच्या आसपास शाळा सुटतात, सप्टेंबरपर्यंत सुट्टी, म्हणजे आर्द्रा नक्षत्रात पोचाल, जुलैच्या पहिल्या आठवड्यात तरणा पाऊस (पुनर्वसूचा) लागतो, त्याच्या मागून म्हातारा (पुष्याचा), लावणीची अख्खी धांदल मिळते. "पावसात कुठं न्यायचं, आजारी पडतील" हे मला सांगू नका, आपण काय कोरड्यात वाढलो? (ऑस्ट्रेलियावाल्यांनो, तुमची मोठी सुट्टी डिसेंबरातच, तुम्ही सोलापूरकडे हुरड्याला जा, ज्वारी राखायला पाखरं हाकलायचं काम पोरांना फर्स्टक्लास जमतं.)

माझ्या मुलाला दहाव्या वर्षी असंच नेलं. भावाला आधीच बजावलं होतं, लाड नाही. त्याला काम दिलं तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी बांधावरून लावणीवाल्या बायकांपर्यंत पोचवायचं. पहिल्या दिवशी चिखलात तीनदा पडला, खेकडा बघून किंचाळला, रात्री म्हणाला आई घरी जाऊया. चौथ्या दिवशी मामी खाचरातून ओरडली, "आरं, मुठी कुठायत? हात रिकामं बसलंत!" आणि हा पळत सुटला, कारण त्याच्यामुळे सहा बायका थांबल्या होत्या. आज 26 वर्षांचा आहे, मराठी यथातथाच, पण दर जुलैला मामाला फोन असतो, लावणी झाली का.

काळजी घ्यायची ती घ्या. पायाला जखम असेल तर चिखलात उतरवू नका, लेप्टोची (चिखलपाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची) भीती असते. फवारणीच्या पंपाला आणि मोटरच्या स्टार्टरला हात नाही, विहिरीवर एकटं नाही, रात्री बॅटरीशिवाय बाहेर नाही, आणि साप चावलाच तर मांत्रिक वगैरे नाही, सरळ सरकारी दवाखाना. मुलीलाही तेवढंच काम द्या हं, तिला भाकरी थापायला आत बसवतील, बसू देऊ नका. नाहीतर भावाला पण बसवा.

बाकीचे प्रश्न. मराठी वाचन: रोज दहा मिनिटं, रविवारी दोन तास नको. सासूबाईंना इथं कायमचं आणावं का: आधी त्यांना विचारलंत का? पत्रात कुठे दिसलं नाही. सातबाऱ्यावर नाव: भावाशी समोरासमोर बोला, मग वकील, फोनवर नको, आणि लावणीच्या आठवड्यात तर अजिबात नको.

गमबूट इथूनच न्या, एक नंबर मोठे, आत मोजे घालता येतात.