एपिसोड संपला की उठायचं, असं ठरवू नका

"मला सिरीजचं व्यसन लागलंय का हो?" वय 34, नोकरी, घरात दोन लहान मुलं. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) रात्री साडेदहाला 'एकच बघते' म्हणून बसायचं आणि उठायचं ते दीडला. सकाळी साडेसहाचा गजर. असं विचारत माझ्याकडे सल्ल्याला बरेच येतात.

व्यसन हा शब्द आधी बाजूला ठेवला. कामं अडत होती का, माणसं तुटत होती का, चार दिवस बघायला मिळालं नाही तर जीव कासावीस व्हायचा का? तिन्हीला नाही. मार बसत होता फक्त झोपेला. मोठ्या माणसाला किमान 7 तास लागतात, त्यांना जेमतेम 5 मिळत होते.

ॲप काढून टाकण्याचा उपाय त्यांनी करून पाहिला होता. तिसऱ्या रात्री त्याच वेळेला हातात रील्स होत्या.

आठवडाभर वहीत चार गोष्टी लिहायला सांगितल्या: कितीला बसलात, कितीला उठायचं ठरवलं होतं, कितीला उठलात आणि ठरलेल्या वेळी पडद्यावर काय चाललं होतं. चौथा रकाना बोलका निघाला. 'दार उघडलं, कोण ते दिसलं नाही.' 'फोन आला, तिचा चेहरा पडला.' एपिसोडचा शेवट लिहिलेलाच असतो पुढे खेचायला. त्यात पुढचा भाग काही सेकंदांत आपोआप सुरू होतो. मध्यरात्री, दमलेल्या डोक्याने, नेमक्या त्या जागी 'नाही' म्हणायचं म्हणजे उताराच्या मधोमध ब्रेक शोधण्यासारखं.

म्हणून थांबायची जागाच बदलली. आदल्या भागात टांगून ठेवलेली गाठ बहुधा पुढच्या भागाच्या पहिल्या 10-15 मिनिटांत सुटते. तिथे एखादं संथ दृश्य आलं की बंद. रोज मध्यापासून मध्यापर्यंत बघायचं. "अर्धवट सोडून झोप लागेल?" दोन रात्री चुकल्यासारखं झालं, मग अंगवळणी पडलं.

दुसरं काम ऑटोप्ले बंद करण्याचं. नेटफ्लिक्सवर ते ब्राउझरमधून, खात्यातल्या प्लेबॅक सेटिंग्जमध्ये होतं. पुढचा एपिसोड आपोआप लावण्याची खूण काढायची आणि सेव्ह करायचं. त्यांनी केलं, तरी पुढचा भाग सुरू होतच राहिला. खूण मुलांच्या प्रोफाइलमधली काढली होती! हे सेटिंग प्रत्येक प्रोफाइलचं वेगळं असतं.

तरी गुरुवार-शुक्रवार हटेनात. वही पुन्हा चाळली, तर त्या दोन दिवशी मुलं दहानंतर झोपलेली. दिवसभरात स्वतःचा म्हणून अर्धा तास नाही, मग तो झोपेतून कापून घ्यायचा. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2014 मध्ये या झोप पुढे ढकलण्यावर लिहिलं होतं, आणि त्यांच्या मते यात कुणी अडवत नसताना माणूस आपणहून जागत बसतो. इथे सेटिंग कामाचं नव्हतं. नवऱ्याला बोलावलं, त्या दोन रात्री मुलांना झोपवणं त्याच्याकडे गेलं आणि नऊ ते दहा हा तास त्यांचा झाला. हे आधीच विचारायला हवं होतं, पण वहीशिवाय ते दिसलं नसतं.

सहा आठवड्यांनी पाच रात्री सव्वाअकराच्या आत दिवा बंद होत होता. शनिवारचा दीड तसाच ठेवला, ठरवून. टीव्ही बंद केल्यावरही झोप येत नसेल किंवा आवडीच्या सिरीजमध्येही मन रमत नसेल, तर मात्र हे उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.