भिजलेला बेदाणा धुरी देऊन चांगल्यात मिसळू नका

दादा, अवकाळीत वाळवणीच्या रॅकच्या कडेचा माल भिजला, मणी काळे पडले, तर धुऊन, वाळवून, गंधकाची धुरी देऊन चांगल्यात मिसळू का, असं तुम्ही विचारलंय. नका मिसळू. धुरीनं रंग उजळेल, बुरशीही दबेल. पण काळ्या बुरशीनं मण्यात सोडलेलं ऑक्राटॉक्सिन तिथंच राहतं. मूत्रपिंडाला घातक आहे ते.

डिपिंग, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवणं वगैरे, तुम्हाला ठाऊकच असणार. मला महागात पडलं ते एक कार्यालय, नाव घेत नाही. युरोपचा सौदा जमत आला होता, तपासण्या कुठल्या लागतील ते विचारायला गेलो. साहेब म्हणाले, "द्राक्षाला करता त्याच." केल्या. कीडनाशकांचा रिपोर्ट अगदी स्वच्छ आला. खरेदीदारानं पाहिला आणि विचारलं, ऑक्राटॉक्सिनचा आकडा कुठंय? त्या कागदावर तो रकानाच नव्हता. परत गेलो तर "हे आमच्या टेबलाचं काम नाही." दुसऱ्या टेबलावर साहेब दौऱ्यावर. तोवर सौदा मोडला, कोल्ड स्टोअरेजचं भाडं मात्र चालू. त्यांचा पगार थोडाच थांबतो!

युरोपात बेदाण्याला किलोमागे 8 मायक्रोग्रॅम ऑक्राटॉक्सिनची मर्यादा आहे, 2023 च्या आधी 10 होती. आणि हे विष सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं. म्हणून तिकडं 15 टनांच्या लॉटमधून 100 ठिकाणचा थोडा थोडा माल घेऊन 10 किलोचा नमुना करतात. आपण वरच्या बॉक्समधली चार मुठी पिशवीत भरतो आणि चांगल्या रिपोर्टवर खूश होतो. भिजका माल मिसळलात तर तिकडं अख्खा लॉट अडकेल.

माझं मत विचाराल तर खरी लढाई बागेतच असते. तडकलेल्या मण्यातून बुरशी आत शिरते, तेव्हा असे मणी डिपिंगआधीच कात्रीनं काढा. रॅकच्या भिजलेल्या कप्प्यांतला माल वेगळा मळा, बॉक्सही वेगळे. ओलावा 15-16 टक्क्यांच्या वर असेल तर भरू नका. वजनासाठी ओला माल भरा म्हणणारा व्यापारी बुरशी आल्यावर फोन उचलत नाही.

मी शास्त्रज्ञ नाही, लॅबवाल्याशी बोलून घ्या. फक्त अर्जावर 'ऑक्राटॉक्सिन ए' असं स्वतःच्या हातानं लिहा.

आणखी एक. स्टोअरमधून काढलेला गार बॉक्स लगेच फोडू नका, मण्यांना घाम सुटतो. रात्रभर बंदच ठेवा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बॉक्स भिंतीला चिकटलेले दिसतायत, ते वीतभर पुढं ओढा आणि खाली फळ्या टाका.