बढती झाली आणि लिहिणं सुटलं

“पूर्वी मी काहीतरी करायचे, आता नुसती मीटिंगमध्ये बसते.” बढतीनंतर वर्षभरात समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हे गाऱ्हाणं मी नेहमी ऐकते. वर्ग सुटलेले मुख्याध्यापक, ऑपरेशन थिएटर सुटलेले विभागप्रमुख. ही होती जाहिरात एजन्सीतली क्रिएटिव्ह डायरेक्टर. (तिच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.)

सुरुवात मराठी कॉपीपासून, म्हणजे जाहिरातीच्या मजकुरापासून. हिंदी ओळ पास झाली की संध्याकाळी सहाला ती हिच्या टेबलावर यायची, ‘सकाळपर्यंत मराठी करून दे’ म्हणून. एका मसाल्यासाठी ‘घर जैसा स्वाद’ आलं, तेव्हा ‘घरासारखी चव’ द्यायला तिनं साफ नकार दिला. लिहिलं, ‘आईला सांगू नका.’ क्लायंटला पटायला दोन आठवडे लागले. हे सांगताना तिचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

तक्रार झोपेची होती. रात्री साडेअकराला ज्युनिअरच्या स्क्रिप्ट उघडायच्या आणि दोन वाजेपर्यंत ‘दुरुस्त’ करायच्या. तिनं मोबाइलवर एक दाखवली. छत्रीची रेडिओवरची जाहिरात, ज्युनिअर मुलाचं काळ्यात, हिचं लाल अक्षरात. त्याची शेवटची ओळ: ‘भिजायचं की नाही, तुम्ही ठरवा.’ हिची: ‘पावसाला सांगा, आज सुट्टी.’

मला जाहिरातीतलं कळत नाही. मी एवढंच विचारलं, “तुमची जास्त चांगली आहे?”

बराच वेळ गप्प. मग, “वेगळी आहे.” आणि थोड्या वेळानं, “माझी आहे.”

पुढच्या वेळी तिनंच बिल बर्नबाखचा विषय काढला. न्यू यॉर्कमध्ये 1949 साली सुरू झालेल्या एजन्सीचा हा एक संस्थापक स्वतः कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणारा. कॉपीरायटर आणि दृश्य मांडणी करणारा आर्ट डायरेक्टर यांची जोडी करून काम करायची पद्धत त्यानं रुजवली. 1959 ची फोक्सवॅगनची ‘थिंक स्मॉल’ जाहिरात लिहिली ज्युलियन कोएनिगनं, मांडली हेल्मुट क्रोननं. “मग बर्नबाखनं काय केलं, मॅडम? नाव तर त्याचंच घेतात!” हा प्रश्न बर्नबाखबद्दलचा नव्हता. एजन्सीला बक्षीस मिळालं तेव्हा आईनं जाहिरातींची यादी पाहून विचारलं होतं, “यातलं तुझं कुठलं?” ते सांगताना ती रडली.

इकडे त्या ज्युनिअर मुलानं अर्धवट मसुदे पाठवायला सुरुवात केली होती. बाई बदलणारच, तर जीव कशाला ओता? हिला तो आळशी वाटत होता.

तीन आठवड्यांसाठी आम्ही ठरवलं: दुसऱ्याच्या फाइलमध्ये ओळ लिहायची नाही. कुठे अडखळलं ते समासात लिहायचं, तेही प्रश्न म्हणून. आणि आठवड्यातून एक छोटं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः लिहायचं. (सुपरव्हायझर झाल्यावर शिकाऊ समुपदेशकांची वाक्यं मीही मध्येच तोडायचे. हे तिला सांगितलं नाही.)

पहिल्या आठवड्यात दोन स्क्रिप्ट लाल झाल्याच. तिसऱ्या आठवड्यात ती कागद घेऊन आली. मला वाटलं, स्क्रिप्ट असेल. सोसायटीची सूचना निघाली: ‘मंगळवारी टाकी धुणार. सोमवारी रात्रीच बादल्या भरा. मंगळवारी सेक्रेटरींच्या घरीही पाणी नसेल.’

“यात कोणी बदल सुचवला नाही,” ती म्हणाली. पुढची भेट पिच (क्लायंटपुढचं सादरीकरण) झाल्यावर ठेवलीय. तोवर रात्री लॅपटॉप बाहेरच्या खोलीत.