भावाला नेमकं कुणाकडं न्यायचं?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एमपीएससी करतोय. गेले दोन-तीन महिने त्याला रात्र रात्र झोप नाही, जेवण पण निम्म्यावर आलंय, रोज तालमीत जायचा तेही बंद. मैत्रीण म्हणते काउन्सेलरकडं ने, शेजारचे म्हणतात सायकॅट्रिस्ट, आई म्हणते त्या गोळ्या एकदा चालू झाल्या की सुटत नाहीत. कोण काय करतं तेच कळंना. – एक ताई, शिवाजी पेठ

उत्तर : ताई, आधी सायकॅट्रिस्टलाच दाखवा. एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (डिप्लोमा) केलेला डॉक्टर तो, त्यामुळं रक्त तपासून बघतो (थायरॉईड बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो) आणि लागलं तर औषध देतो. झोप आणि भूक दोन्ही गेल्यात म्हटल्यावर नुसत्या बोलण्यावर दिवस घालवू नका. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, ते टेस्ट घेतात आणि थेरपी देतात, म्हणजे दर आठवड्याला बसून विचारांची सवय बदलायचं काम. त्यांची आरसीआयकडं (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असते, नंबर बिनधास्त विचारा. औषध आणि थेरपी दोन्ही बरोबरीनं चालतात.

काउन्सेलर परीक्षेचं टेन्शन, घरातले वाद यासाठी खूप उपयोगी पडतात, पण आपल्याकडं ती पाटी लावायला लायसन लागत नाही, चार दिवसांचा कोर्स करूनही लोक बसतात आणि घरच्यांचा पैसा आणि वेळ दोन्ही जातो याचा मला मनापासून राग येतो, म्हणून सायकॉलॉजीतली एमए आहे का, कुठं काम केलंय हे विचारल्याशिवाय फी भरू नका.

आईंना सांगा, डिप्रेशन निघालं तरी पहिल्या खेपेला बऱ्याच जणांच्या गोळ्या बरं वाटल्यावर सहाएक महिने चालवून डॉक्टर हळूहळू कमी करतात. त्या लागू पडायलाच दोन ते चार आठवडे जातात, त्यामुळं आठव्या दिवशी फरक नाही म्हणून आपल्या मनानं बंद करू नका.

आणि तो मरायची भाषा बोलला तर ओपीडीची वाट बघायची नाही, त्याला एकटं न सोडता थेट दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) न्यायचं. १४४१६ ही टेलिमानसची हेल्पलाईन फुकट आहे, २४ तास चालते, मराठीत बोलता येतं.

नेताना त्याला एवढंच म्हणा, ‘तुला झोप लागंना झालीय, दाखवून येऊया, मी आहे बरोबर.’