गाडीखाली रोज सकाळी डाग, सील बदलू का नको?

प्रश्न: नमस्कार दादा, माझी 2011 ची छोटी पेट्रोल गाडी आहे, 96 हजार किमी झालेत, चालायला एकदम मक्खन पण गेले तीन-चार महिने पार्किंगमध्ये रोज सकाळी खाली रुपयाएवढा काळा डाग पडलेला असतो, आता शेजारचे काकापण विचारायला लागलेत की पेव्हर ब्लॉक कोण घासणार. एक गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवून मागचं सील बदलावं लागेल, 12-13 हजार जातील. दुसरा म्हणतो एवढ्या जुन्या गाडीला कशाला, ऑइल टाकत राहा. चिपळूणला सासुरवाडी आहे, येताना कुंभार्ली घाट चढला की बॉनेटमधून जळका वास येतो. काय करू? – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर: सगळं लिहिलंत पण तीन महिन्यात वरून ऑइल किती टाकलं तेच नाही लिहिलं! डागावरून काही कळत नाही हो, चमचाभर ऑइल पसरलं तरी बघणाऱ्याला वाटतं इंजिन रिकामं झालं. सकाळी गार इंजिनवर, गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण घाला आणि मग बघा. हजार किमीनंतर परत तसंच. वरच्या खुणेवरून जेमतेम हललं असेल तर घाई नाही. खालच्या खुणेला टेकलं असेल तर मात्र हा किरकोळ लीक नाही. आणि डॅशवरच्या लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका, तो प्रेशर दाखवतो, लेव्हल नाही, तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आता तो वास. गिअरबॉक्सकडचं सील इंजिनच्या तळाला असतं, तिथून गळलेलं ऑइल सरळ जमिनीवर पडतं. जळका वास येतोय म्हणजे ऑइल बहुतेक वरून, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून झिरपून तापलेल्या एक्झॉस्टवर पडतंय, आणि तेच इंजिनच्या मागून ओघळत खाली गिअरबॉक्सच्या जोडापाशी जमतं, मग खालून बघणाऱ्याला वाटतं सील गेलं. म्हणून आधी इंजिन धुवून कोरडं करा, 40-50 किमी फिरवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या, जिथे सगळ्यात वर ओलं दिसेल तिथून सुरुवात. पॅकिंग काही शे रुपयांचं असतं, ते आत्ताच बदला, तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइल म्हणजे आगीशी खेळ. फक्त मेकॅनिकला सांगा पॅकिंग नवीनच टाक, नुसतं सिलिकॉन थापू नको, जास्तीचं सिलिकॉन आत पडून खालच्या ऑइल चेंबरमधल्या जाळीला अडकतं.

पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आत साठणारा वायू बाहेर सोडणारा छोटा व्हॉल्व्ह, तो पण बघून घ्या. तो चोक झाला की इंजिनच्या आतलं प्रेशर वाढतं आणि जिथे रबर कमकुवत तिथून ऑइल बाहेर. मी माझ्या जुन्या गाडीला दोनदा सील बदलून बसलो, दोष निघाला त्या अंगठ्याएवढ्या व्हॉल्व्हमध्ये, तेव्हापासून माझं पहिलं बोट तिकडेच जातं.

एवढं करूनही खालचंच सील निघालं तर? दिवसाला थेंबभर गळत असेल आणि क्लच सरकत (स्लिप होत) नसेल तर थांबा. 96 हजारांवर क्लचप्लेट पहिलीच असेल तर ती तशीही बदलायला येईलच, तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच आहे, सील तेव्हाच टाका म्हणजे मजुरी एकदाच. पण टायमिंग बेल्टवाली (इंजिनचे व्हॉल्व्ह रबरी पट्ट्यावर चालणारी) गाडी असेल आणि बेल्टच्या बाजूला ओलं दिसलं तर थांबू नका, ऑइल लागून बेल्ट खराब होतो आणि तो तुटला तर 13 हजारात भागणार नाही. जाड ऑइल टाकून बघू, लीक बंद करायची बाटली टाकून बघू, असले प्रयोग मी तरी करणार नाही.

अजून एक, गाडी 2011 ची म्हणजे 2026 मध्ये 15 वर्षं, आरसी रिन्यू करायचीय का विकायचीय ते घरी आधी ठरवा. पुढची पाच वर्षं चालवणार असाल तर सीलचा खर्च वसूल आहे, विकणार असाल तर पॅकिंगवर थांबा, आणि घेणाऱ्याला लीक सांगून विका. तोवर गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा टाका, थेंब नक्की कुठे पडतो ते कळेल आणि काकापण गप्प बसतील.