शिकवणं सोडून ३४ व्या वर्षी कंपनीत नोकरी शोधतोय. आधीचा अनुभव बायोडाटात लिहावा का लपवावा?

लिहा. लपवायला तुम्ही काय चोरी केलीय का?

प्रश्नाखाली तुम्ही सांगितलंय की बीएस्सी-बीएड आहात, नांदेडला खासगी क्लासवर नऊ वर्षं केमिस्ट्री शिकवताय, अन् "मास्तर म्हटलं की कंपनीवाले गेटवरूनच परत लावतात" असं एका मित्रानं डोक्यात भरवलंय. अशाच एका मित्राचं ऐकून मी पाच महिने वाया घालवलेत, म्हणून उत्तर लांबणार आहे.

मी जून २००९ ला औसा तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेवर लागलो. लागलो म्हणजे अप्पांनी रस्त्याकडचं एक एकर विकलं अन् साडेचार लाख संस्थेत भरले. त्याच वर्षी सरकारनं 'कायम विनाअनुदानित'मधला 'कायम' शब्द काढला होता. संस्थाचालक म्हणाले, दोन वर्षांत अनुदान, लिहून घ्या. लिहून कुणीच घेतलं नाही. पहिली तीन वर्षं पगार शून्य, पुढं महिन्याला तीन हजार, त्यातही उन्हाळ्याची सुट्टी कापून. २०१६ ला २० टक्के अनुदान मिळणाऱ्या शाळांची यादी निघाली, त्यात आमच्या शाळेचं नाव नव्हतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते हेच वर्ष. बायको टँकरच्या रांगेत, अन् मी आठवीच्या वर्गात पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन कसे असतात ते सांगतोय.

एप्रिल २०१७ ला राजीनामा दिला. थोरला भाऊ, दादा, महिनाभर बोलला नाही. बोलला तेव्हा एकच वाक्य बोलला, "एकर घालवलंस अन् आता नोकरीबी घालवलीस."

बायोडाटा लातूरच्या नेट कॅफेत टाइप करून घेतला. चार पानं. वडिलांचं नाव, जात, उंची, रक्तगट सगळं होतं, फक्त मामाचं कूळ लिहायचं राहिलं. मित्र म्हणाला त्यातून शाळेचं नाव काढून टाक, मग आठ वर्षांच्या जागी 'शेती' असं लिहिलं. साठेक ठिकाणी पाठवला. फोन आला तो एका कन्सल्टन्सीचा. रजिस्ट्रेशनचे अडीच हजार मागितले, मी भरले. हसू नका, घरात तेव्हा तेवढेच होते.

शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, नववीला तुम्ही मला बाकावर उभं केलतं ना, तो मी." संभाजीनगरजवळच्या वाळूजला एका औषध कंपनीत पॅकिंगला होता. मी नोकरी शोधतोय हे त्याला गावातून कळलं होतं, माझ्याकडून नाही. मी तर ही गोष्ट सासुरवाडीलाही कळू दिली नव्हती. म्हणाला, डॉक्युमेंटेशनला, म्हणजे नोंदी-कागदपत्रं सांभाळायला, माणूस बघतायत, या.

लाल डब्यानं निघालो. मांजरसुंब्याला गाडी थांबली तरी खाली उतरलो नाही. बजाजनगरात त्याची दहा बाय दहाची खोली, तीन पोरं, एक कॉट. कॉट मला दिली अन् तो खाली फरशीवर. रात्रभर मला झोप नाही. ज्याला मी "तुझ्यानं काही होणार नाही" म्हणालो होतो, तो सकाळी माझ्यासाठी शर्टाला इस्त्री करून आणत होता.

मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी बायोडाटा बघितला. "आठ वर्षं शेती? काय पिकवायचात?"

"सोयाबीन."

"तुमचा विद्यार्थी तर म्हणतो तुम्ही केमिस्ट्री लई भारी शिकवायचात. सोयाबीनला शिकवायचात का?"

खोटं पकडलं गेल्यावर माणूस कसा होतो ते वर्गात शंभरदा बघितलं होतं, तेव्हा पहिल्यांदा अंगावर आलं. खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. एका लॉगबुकाची झेरॉक्स पुढं सरकवली अन् म्हणाले, चुका काढा. मी सवयीनं खिशातला लाल पेन काढला. "लाल नाही, इथं निळा." काम संपल्याची वेळ सुरू झाल्याच्या वेळेआधीची, दोन ठिकाणी गिरवलेले आकडे, एका खाडाखोडीला सही नाही. पंधरा मिनिटांत अकरा सापडल्या. पेपर तपासणाऱ्याला यात अवघड काय? औषध कंपनीत चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, मूळ आकडा दिसला पाहिजे, शेजारी सही अन् तारीख. व्हाइटनर लावलं तर संपलं. शाळेच्या हजेरीपटाला मी आठ वर्षं हेच केलं होतं, फक्त त्याला 'अनुभव' म्हणतात हे माहीत नव्हतं.

सुरुवात साडेअकरा हजारांवर, तीही कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर. कंपनीच्या रोलवर यायला दोन वर्षं गेली.

तर बायोडाटात 'शिक्षक' लिहून गप्प बसू नका. किती पोरांचे पेपर तपासलेत, प्रॅक्टिकलची वही, रसायनांचा साठा, नोंदी कोण ठेवायचं, ते लिहा. दोन पानांत बसवा. एचपीएलसीला (औषधाचा नमुना तपासायचं मशीन) हात लावला नसेल तर क्यूसीच्या, म्हणजे माल तपासणाऱ्या लॅबच्या, मागं लागू नका, तिथं ताजी एमएस्सीची पोरं रांगेत असतात. क्यूएमधलं, म्हणजे गुणवत्तेची पद्धत अन् कागद सांभाळणाऱ्या विभागातलं, डॉक्युमेंटेशन, ट्रेनिंग सेल बघा. २०२३ च्या अखेरीस सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम, आलंय, आता लहान कंपन्यांनाही कागद नीट लागतात. कॉन्ट्रॅक्टरकडं लागलात तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, मागून घ्या अन् पीएफ खरंच भरतात का ते दर महिन्याला स्वतः बघा. अन् पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीचा फोन तिथंच ठेवा.

दादाचं म्हणणं अजून तेच आहे. पुढं आमच्या शाळेलाही टप्प्याटप्प्यानं वाढणारं अनुदान लागलं, माझ्या मागं राहिलेल्यांना आता पगार सुरू आहे, तेव्हा प्रत्येक सणाला "थांबला असतास तर" ऐकावं लागतं. दादा, ते एकर २००९ लाच गेलं. मी आणखी चार वर्षं फुकट शिकवलं असतं तर सातबाऱ्यावर परत आलं नसतं. तुम्हालाही कुणी म्हणेल की नऊ वर्षं घातलीत, आता कशाला सोडता. त्या माणसाला विचारा, दहावं वर्ष तू भरतोस का?

हां, एक सांगायचं राहिलं. मधल्या काळात घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं, अन् माझ्या नावावर कर्ज नव्हतं. तुमच्यावर हप्ते असतील तर क्लास चालू ठेवूनच शोधा. राजीनामा आधी देण्यात मर्दुमकी नाही, मी दिला तो रागात. अन् तो विद्यार्थी नसता तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. नऊ वर्षांत तुम्ही शिकवलेली पोरं आज कुठं कुठं आहेत, ते आधी शोधा. फोन करायला लाज वाटेल. मलाही वाटली होती, म्हणून त्यालाच करावा लागला.